डब्याचे खाडे : आठ वर्षांच्या मुलाच्या एडीएचडीच्या गोळीचं एक प्रकरण

आजींनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. वरच्या कप्प्यात बटाट्याची भाजी, कडेने सुकलेली. खाली तूप लावून गुंडाळलेल्या दोन पोळ्या, एकीचा एकच घास तोडलेला. "हा आजचा," त्या म्हणाल्या. "कालचाही असाच. परवाचा मी गाईला घातला."

सप्टेंबर संपत आला होता. नातू आठ वर्षांचा, तिसरीतला, घर सिंहगड रस्त्यावर. जुलैत त्याचं वजन २४.६ किलो होतं, त्या दिवशी २२.९ भरलं. या वयात वजन नुसतं एका जागी थांबलं तरी मी सावध होते. इथे पावणेदोन किलो उतरलं होतं, आणि त्यातलं बरंचसं माझ्या एका निर्णयामुळे. ते कसं झालं आणि कसं निस्तरलं, तेवढंच इथे लिहिते. ओळख पटू नये म्हणून घरच्या काही गोष्टी बदलल्या आहेत.

निदानात फारसा गुंता नव्हता : एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, चुळबुळ आणि उतावळेपणा वयाच्या मानाने फार. पहिलीपासून अर्ध्या राहिलेल्या वह्या, रांगेत धक्काबुक्की, हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि घरी-शाळेत दोन्हीकडे तीच तऱ्हा. कान-डोळे तपासून झाले होते. आधी सहा महिने आई-वडिलांबरोबर वागणुकीवर काम केलं, वर्गात जागा बदलून पुढे बसवलं. फरक पडला, पण पुरेसा नाही. म्हणून जुलैत मिथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध सुरू करायचं ठरलं. त्याआधी घरात कोणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलंय का, मुलाला खेळताना कधी भोवळ आली का, हे विचारलं. तसं काही नव्हतं. नाडी ८८, रक्तदाब ९८/६०, उंची १२४ सेंटिमीटर. हे सगळं लिहून ठेवलं. झोपेचं मात्र लिहिलं नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

पहिल्या चिठ्ठीलाच गाडी अडली. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची असते आणि साठा कुलपात ठेवायचा असतो. एवढी कटकट नको म्हणून पुष्कळ मेडिकलवाले ते ठेवतच नाहीत. वडील चाकणला कंपनीत आहेत. पहिली पाळी संपवून, कंपनीच्या बसने परत येऊन ते चार दुकानं हिंडले. चौथ्याने रजिस्टर काढून नाव-पत्ता लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले ते उभ्यानेच बोलले. "मॅडम, माझ्या आईच्या बीपीच्या गोळीला कोणी रजिस्टर काढत नाही. ही नशेची गोळी आहे का?"

प्रश्न रास्त होता. मी सांगितलं की हे औषध मेंदूला चेतवणाऱ्या गटातलं आहे, मोठी माणसं त्याचा गैरवापर करतात, म्हणून कायद्याचा पहारा आहे. डॉक्टरच्या देखरेखीखाली, मुलाच्या मात्रेत दिलेल्या गोळीची गोष्ट वेगळी. वातावरण हलकं करावं म्हणून नावाचा किस्साही सांगितला. १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने हे द्रव्य तयार केलं. त्याची बायको रीटा ते घेऊन टेनिस खेळायची, आणि तिच्याच नावावरून 'रिटालिन' हे नाव पडलं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्या बाई मोठ्या होत्या," ते म्हणाले. "हा आठ वर्षांचा आहे." यावर माझ्याकडे किस्सा नव्हता. दर महिन्याला वजन, नाडी आणि रक्तदाब पाहीन, एवढाच शब्द दिला.

सुरुवात ५ मिलिग्रॅमपासून केली आणि तीन आठवड्यांत सकाळी १० आणि दुपारी १० मिलिग्रॅमवर आलो. ही साधी गोळी अर्ध्या तासात लागू पडते आणि चारेक तासांत उतरते. दुपारची गोळी शाळेच्या ऑफिसात ठेवली होती. शिपाईकाका वर्गाच्या दारात येऊन "गोळीवाला कोण रे?" असं विचारायचे. चौथ्या दिवशी मुलाने ऑफिसात जायचंच सोडलं. म्हणून ऑगस्टच्या शेवटी सकाळी एकदाच घ्यायची, हळूहळू विरघळत सात-आठ तास पुरणारी २० मिलिग्रॅमची गोळी दिली. ती चावायची नाही, फोडायची नाही, अख्खी गिळायची, हे आईला नीट बजावलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी शाळेच्या डायरीत लिहिलं, "खूप छान प्रगती! सकाळच्या तासांना अगदी शांत बसतो." खाली हसरा चेहरा. त्याच पानावर दुसऱ्या पेनाने, "दुपारी मात्र फार चुळबुळ. मुलांना त्रास देतो." घरी यायचा तो रडवेला, दप्तर भिरकावत. माझं गणित सरळ होतं : औषध दुपारनंतर अपुरं पडतंय. शाळेची व्हॅन पावणेचारला सोडते, तेव्हा ५ मिलिग्रॅमची साधी गोळी वाढवून दिली.

संध्याकाळचं रडणं तीन दिवसांत थांबलं. आई खूश, मीही खूश. झोप मात्र साडेअकरावर गेली. गणपती जवळ आले होते. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव रात्री उशिरापर्यंत चालायचा आणि आवाज त्यांच्या चौथ्या मजल्यावर सरळ यायचा. "या दिवसांत पुण्यात कोण झोपतं?" असं मीच म्हणाले. गणपती गेले, ढोल थांबले, झोप साडेअकराच राहिली. आणि मग आजी डबा घेऊन आल्या.

या भेटीआधीच मी एक गोष्ट ताडायला हवी होती. आई हिंजवडीला जाते. सातला घर सोडते ते रात्री आठला परतते. वडिलांची पाळी फिरती. म्हणजे मूल गोळीच्या अमलाखाली असतं तेव्हा दोघं घरात नसतात, आणि ते घरी असतात तेव्हा गोळी उतरलेली असते. "औषधाचा काय उपयोग, रात्री तर तसाच धिंगाणा घालतो," असं किती पालक मला सांगतात, त्यातल्या निम्म्यांचं कोडं या वेळापत्रकात असतं. पूर्ण दिवस पाहणारं माणूस एकच होतं, आणि तोवर मी त्यांना "नमस्कार आजी" याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी विचारलं. आजींनी डब्याखालून घडी घातलेलं कॅलेंडर काढलं. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून उतरवूनच आणलं होतं. दुधाचा खाडा जिथे लिहितात त्याच चौकोनांत बारीक अक्षरात नोंदी होत्या. १२ तारखेला, 'दूध १ लि. डबा परत.' १३ला, 'डबा परत. रात्री अर्धी वाटी भात.' १५ला, 'दूध खाडा. डबा परत. पोट दुखलं.' १८ला, 'बडबड नाही.' त्या महिन्यात दूधवाल्याने तीन खाडे केले होते, डब्याने सोळा.

"बडबड नाही म्हणजे?" मी विचारलं.

"सकाळी माझ्याशी अखंड बोलतो तो. कावळा आला, लिफ्ट अडकली, काहीही. आता गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात गप्प. व्हॅनमध्ये पुतळ्यासारखा बसतो म्हणे, व्हॅनवाले काकाच सांगत होते. हात लावला तर छाती धडधडत असते."

सात-आठ तासांची गोळी अर्ध्या-पाऊण तासात मुलाला पुतळा करत नाही. ती हळूहळू चढते. आणि आजींच्या सांगण्याप्रमाणे तो साडेबाराच्या आसपास पुन्हा सैल सुटत होता. हे घड्याळ २० च्या लांब पल्ल्याच्या गोळीचं नव्हतंच.

"आजी, गोळी देता कशी?"

"गिळता येत नाही त्याला. खलबत्त्यात बारीक करते आणि शिकरणात कालवते. कणसुद्धा वाया जात नाही."

साधी गोळी कुटून दिली तरी चालते. आजी जुलैपासून तेच करत होत्या आणि त्यात काही बिघडलं नव्हतं. ऑगस्टमध्ये मी गोळी बदलली. आजींच्या हिशेबी बदलला तो फक्त तिचा रंग, खलबत्ता बदलायला काही कारणच नव्हतं. "फोडायची नाही" हे मी जिला सांगितलं ती सातला घराबाहेर पडते, आणि गोळी आठला दिली जाते.

आता सगळं जुळलं. कुटल्याबरोबर दिवसभराची मात्रा एकदम अंगात जात होती. दहाच्या सुमारास ती शिगेला, म्हणून मुलगा मूठ आवळल्यासारखा गप्प. बाईंना जी प्रगती वाटली तो खरं तर जास्त झालेल्या मात्रेचा दुष्परिणाम होता. शांत मूल आणि बरं झालेलं मूल यांत फरक असतो, पण चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात तो ओळखायची अपेक्षा मी बाईंकडून करत नाही. डब्याच्या सुट्टीपर्यंत भूक मेलेली. नंतर औषध एकदम ओसरायचं आणि राहिलेली चुळबुळ दुपटीने वर यायची. औषध उतरताना असा उसळा येतो, आणि घरच्यांना तो 'औषधाने चिडका केला' असा दिसतो. तो पाहून मी पावणेचारला आणखी गोळी दिली. तिने उसळा दाबला, आणि बरोबर रात्रीचं जेवण आणि झोपही नेली. दुपारचा डबा आधीच गेलेला, आता रात्रीचाही घास गेला. पावणेदोन किलोंचा हिशेब इथे लागतो. त्या संध्याकाळी नाडी १०८ होती.

आजींचा चेहरा उतरला. त्यांना सांगितलं की चूक खलबत्त्याची नाही, चिठ्ठी लिहिणाऱ्याची आहे. पटलं की नाही कोण जाणे. जाताना त्यांनी डबा माझ्या टेबलावर उघडाच ठेवला आणि नंतर परत येऊन नेला.

संध्याकाळची गोळी त्याच दिवशी बंद केली. शनिवार-रविवार सकाळचीही दिली नाही. मिथिलफेनिडेट दोन दिवस थांबवलं तर चालतं, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागत नाही. त्या दोन दिवसांत गिळायची तालीम झाली. हॉटेलात बिलाबरोबर येतात त्या रंगीत बडीशेपेच्या गोळ्या घेतल्या. आधी सगळ्यात बारीक दाणा जिभेच्या मध्यावर, मान सरळ, पाण्याचा मोठा घोट. पाच दाणे गेले की जरा मोठा. मान मागे टाकली की गिळणं उलट अवघड होतं, आणि घाबरलेलं मूल नेमकं तेच करतं. रविवारी रात्री मोठा दाणा गेला तेव्हा त्याने जीभ बाहेर काढून सगळ्या सोसायटीला दाखवली. सोमवारपासून लांब पल्ल्याचीच, पण १० मिलिग्रॅमची. आठवड्याने अख्खी २०.

खाण्याची फेरमांडणी मात्र आजींना जड गेली. अख्ख्या २० च्या गोळीतही दुपारची भूक थोडी मरतेच. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नसतो, भूक जिवंत असते त्या वेळा धरायच्या. २०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं परिपत्रक काढलं. त्यांच्या शाळेने ते पाळलं, म्हणून घरात साडेसात ते आठ हा मोकळा अर्धा तास होता. तो दिवसातल्या मुख्य जेवणासाठी वापरायचं ठरलं : लोण्याबरोबर थालीपीठ, नाहीतर अंडं-पोळी, वर दूध, आणि पोट भरल्यावर गोळी. पाचला खाणं. रात्री पावणेनऊला आई-वडिलांबरोबर पूर्ण जेवण, तेव्हा औषध पूर्ण उतरलेलं असतं. शाळेचा डबा लहान : गूळ-तुपात कुस्करलेल्या पोळीचा एक लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की, चार घासांत संपेल एवढंच.

"एवढासा डबा?" आजी म्हणाल्या. "शाळेत काय म्हणतील, घरात खायला नाही का?" भरलेला डबा ही त्या घरात माया मोजायची पद्धत होती, आणि मी ती अर्ध्यावर आणत होते. शेवटी तोड त्यांनीच काढली. जुनाच मोठा डबा द्यायचा, पण एकच कप्पा भरायचा.

उतरणीचा उसळा पूर्ण गेला नाही, सौम्य झाला. साधारण साडेचार ते साडेपाच. नेमकी पाचला ट्यूशन होती. मी औषधाला हात लावला नाही, ट्यूशन साडेसहाला न्यायला सांगितली. त्या तासात खाणं आणि खाली सायकल. गृहपाठ नाही, "आज शाळेत काय झालं" ही चौकशीसुद्धा नाही.

झोप सव्वादहावर आली. आई म्हणाली, तो आधीही दहा-साडेदहालाच झोपायचा. ही नोंद जुलैत केली असती तर सप्टेंबरात ढोलांना बोल लावायची वेळ आली नसती. एडीएचडीच्या पुष्कळ मुलांची झोप मुळातच उशिराची असते. गोळीआधीचा आकडा हाताशी नसेल तर नंतर काहीच ठरवता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये डोळे मिचकावणं सुरू झालं. वडिलांनी व्हिडिओ पाठवला, खाली एकच शब्द, "बंद?" चेतक औषधांनी टिक्स, म्हणजे डोळे मिचकावण्यासारखे आपोआप होणारे झटके, येतात हा समज जुना आहे. पण अशा औषधांच्या २२ चाचण्यांतल्या २,३८५ मुलांची माहिती २०१५ साली एकत्र करून पाहिली, तेव्हा टिक्स नव्याने येण्याचं किंवा वाढण्याचं प्रमाण औषधाच्या गटात ५.७ टक्के आणि नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात ६.५ टक्के निघालं. एडीएचडीच्या मुलांत टिक्स मुळातच जास्त दिसतात, येतात आणि जातात. गोळी तशीच ठेवली, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, पाच आठवड्यांत मिचकावणं गेलं. फोन कधी करायचा ते मात्र कागदावर लिहून दिलं : छातीत दुखलं, भोवळ येऊन पडला, नसलेलं काही दिसू-ऐकू लागलं, जिवाचं बरं-वाईट करायची भाषा आली, तर पुढची गोळी न देता लगेच. कागद आजींच्या हातात दिला.

गोळीच बदलायचा विचारही झाला. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे चेतक नाही, रजिस्टर लागत नाही, वडिलांना तेच हवं होतं. पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला चार-सहा आठवडे जातात, मळमळ आणि पेंग त्यालाही आहे, भूक तेही कमी करतं, आणि मनात जिवाबद्दलचे विचार येतात का यावर सुरुवातीला लक्ष ठेवावं लागतं. क्लोनिडिन झोपेसाठी आणि टिक्ससाठी कामाला येतं, पण ते मनाला येईल तेव्हा बंद केलं तर रक्तदाब उसळतो, आणि ज्या घरात वडील "बंद?" असा निरोप पाठवतात तिथे मला त्याची धास्ती वाटते. दोन्ही बाजूंनी बोलून आहे तेच पुढे न्यायचं ठरलं.

दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस गोळी नको, हा वडिलांचा आग्रह मी मानला. वजन भरून काढायला अशी सुट्टी उपयोगी पडते. चकल्या, बेसनाचे लाडू, अनारसे, काही उरलं नाही. दहा दिवसांत सातशे ग्रॅम वाढले. पाडव्याच्या संध्याकाळी भुईनळा पुरता विझायच्या आत त्याने उचलायला हात घातला आणि दोन बोटं भाजली. जखम लहान, पण पुढच्या दिवाळीत सुट्टी द्यायची की नाही हा विषय त्या घरात अजून उघडा आहे. मे महिन्यात गावाला, मोकळ्या अंगणात, गोळीला सुट्टी देणं आणि फटाक्यांच्या आठवड्यात देणं, या दोन गोष्टी एक नाहीत. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मोजमापाबद्दल एक गोष्ट. शाळेचे बूट आणि पट्टा मिळून सहज अर्धा किलो भरतात, म्हणून तोच काटा, अनवाणी, हलके कपडे. रक्तदाबाला लहान मुलांचा पट्टा, कारण मोठ्यांचा रुंद पट्टा बारीक दंडावर खोटा कमी आकडा दाखवतो. उंची दर सहा महिन्यांनी, भारतीय बालरोग संघटनेच्या २०१५च्या तक्त्यावर. हे तक्ते बनवण्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. एडीएचडीच्या उपचारांवरच्या अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासात तीन वर्षं सलग औषध घेतलेली मुलं न घेतलेल्यांपेक्षा सरासरी २ सेंटिमीटर बुटकी आणि २.७ किलोने हलकी निघाली. वडिलांनी विचारलं तेव्हा हा आकडा मी लपवला नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे दर महिन्याला मोजायचं ते यासाठी." त्यानंतर एकही तारीख चुकलेली नाही, आणि चिठ्ठीच्या दोन प्रती घ्यायला तेच येतात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वजन २५.६, उंची १२७, नाडी ९४, रक्तदाब १०२/६४. बाईंनी डायरीत लिहिलंय, "हुशार आहे, पण मधेमधे बोलतो." मला हा शेरा हसऱ्या चेहऱ्यापेक्षा आवडला.

आजी या वेळी डबा घेऊन आल्या नव्हत्या, फेब्रुवारीचं पान आणलं होतं. दुधाचा एक खाडा, डब्याचे चार. त्यातल्या दोन दिवशी डब्यात कारल्याची भाजी होती. ते दोन मी औषधाच्या खात्यावर धरले नाहीत.